माशांच्या खोक्याच्या मापाचा संगणक

संगणक घेताना लोक त्याचा वेग विचारतात, हमी विचारतात, फार तर रंग विचारतात. माझ्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे भावोजींनी, सर्वांत आधी टेप काढला आणि पडवीतल्या थर्माकोलच्या खोक्याचे आतले माप घेतले. खोके माशांचे होते. बर्फात सुरमई घालून बाहेरगावी पाठवतात तसले. देवबागात ते प्रत्येक पडवीत सापडते. संगणक या खोक्यात बसला पाहिजे, वर झाकण लागले पाहिजे आणि एका माणसाला तो डोक्यावर घेऊन होडीपर्यंत जाता आले पाहिजे, अशी अट त्यांनी जाहीर केली. आत कोणते प्रोसेसर असावेत, ते थंड कसे राहावेत, एवढ्या जागेत दोन प्रोसेसर मावतात तरी का, हे प्रश्न दुय्यम होते आणि ते पुढे अखेरपर्यंत दुय्यमच राहिले.

अट विचित्र होती, पण हवेतून आलेली नव्हती. देवबाग म्हणजे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे माडांखाली वसलेली वाळूची जीभ. पावसाळ्यात भरतीला वाऱ्याची साथ मिळाली की समुद्र अंगणात येतो, कधी उंबऱ्याच्या आत येतो. म्हणून किमती वस्तू आधीच बांधून ठेवायच्या आणि वेळ आली की होडीतून खाडीपलीकडच्या नातेवाइकांकडे पोचवायच्या, ही तिथली जुनी रीत. टीव्ही गोधडीत जातो, कागदपत्रे बरणीत जातात. संगणक कशात जाईल याचा विचार तो विकत घेण्याआधी करणारे भावोजी हे माझ्या पाहण्यातले एकमेव गृहस्थ.

मुळात संगणक का हवा होता, ते सांगायला हवे. समुद्राच्या बाजूने काळ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा उत्तरेकडून येतो. तो एका दमात येत नाही. मंजुरी मिळेल तसा तुकड्यातुकड्याने सरकतो आणि मधल्या काळात समुद्र आपले काम उरकून घेतो. त्या वर्षी बंधारा बहिणीच्या घराअलीकडच्या रिसॉर्टपाशी येऊन थांबला होता. रिसॉर्टनंतर बहिणीचे घर, ज्याच्या दोन खोल्या ते पर्यटकांना देतात. त्यानंतर जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा, म्हणजे हद्दीची भिंत. गडग्यापलीकडे भावोजींच्या थोरल्या भावाचे घर. थोरल्यांना सगळी वाडी भाई म्हणते. ते मासेमारीच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आहेत. मूळ घर त्यांचे. त्यामुळे घराण्याचे देव त्यांच्याकडे आणि गणपतीही त्यांच्याच माजघरात बसतो. पुढच्या तुकड्यात बंधारा कुठपर्यंत येणार, हा या दोन घरांपुढचा एकमेव प्रश्न होता. बाकीचे प्रश्न त्यांनी समुद्रावर सोडले होते.

बंधाऱ्याचे काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयात दोघे भाऊ कित्येकदा जाऊन आले होते. पडलेल्या माडांचे फोटो दिले, वाडीच्या सह्यांचा अर्ज दिला. काही हलले नाही. मग रिसॉर्टवाल्याने किनाऱ्याचा त्रिमितीय नकाशा नेला. पडद्यावर हवा तसा फिरवता येणारा, रंगीत, कुठे किती वाळू गेली ते लाल-पिवळ्यात दाखवणारा. बंधारा रिसॉर्टपर्यंत आला. पुढच्या खेपेला भावोजींना कार्यालयातल्या एका बाबूने सांगितले, "तुम्हीपण तसं काहीतरी आणा. साहेबांना आवडतं." समुद्राने जमीन खाल्ली हे तिथे उभे राहिलेल्या कुणालाही दिसत होते, पण नुसते दिसणे हा त्या कार्यालयात पुरावा नव्हता. ते फिरवता यायला हवे होते.

भावोजी पूर्वी मुंबईत बांधकामाच्या नकाशांचे काम करत. ती नोकरी सोडून, पंधरवड्यापुरते आल्यासारखे ते देवबागात आले आणि कायमचे राहिले. पण आपण नकाशावाले आहोत हा ताठा तसाच राहिला. लग्नाची चित्रफीत काढणाऱ्या एकाकडून त्यांनी ड्रोन आणवला. त्याने पहिल्या उड्डाणात घराचे, अंगणाचे आणि हात हलवणाऱ्या बहिणीचे सुंदर फोटो काढले. किनारा त्यात चुकून आला होता. दुसऱ्या उड्डाणाआधी त्याला इथे वधूवर नाहीत हे समजावून सांगावे लागले. मग रिसॉर्टच्या कुंपणापासून भाईंच्या घरापलीकडच्या सुरुबनापर्यंत फोटोंचा ढीग जमला. हे फोटो एकमेकांना जोडून त्यांतून नकाशा उभा करणारा प्रोग्रॅम असतो. भावोजींच्या जुन्या लॅपटॉपवर तो सुरू झाला, पंखा होडीच्या इंजिनासारखा ओरडला आणि पडदा काळा झाला.

मुंबईच्या कचेरीतला त्यांचा एक जुना सहकारी फोनवरून सल्ला देत असे. त्याने निदान केले की या कामाला दोन प्रोसेसरांचे यंत्र हवे आणि रॅम भरपूर हवी. मी सुचवले की फोटोंची डिस्क रात्रीच्या बसने मुंबईला पाठवावी आणि काम तिथेच करून घ्यावे. भावोजींनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी गणपतीचा नैवेद्य हॉटेलातून मागवायला सांगितले होते. दर पावसाळ्यानंतर नवा नकाशा करायचा आहे, दर वेळी कुणाच्या दारात जायचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो चुकीचा नव्हता. फक्त त्या युक्तिवादाला घाई ठाऊक नव्हती.

भाईंना दोन प्रोसेसरांची बातमी गडग्यावरूनच मिळाली.

"दोन कित्याक रे? आमच्या होडयेक एकच इंजिन, तां पण अर्धा वर्स बंद."

"एक थकलो तर दुसरो आसा, भाई," भावोजी म्हणाले.

हे साफ खोटे होते. दुसरा प्रोसेसर राखीव खेळाडूसारखा बाहेर बसत नाही. दोघे मिळून एकच काम वाटून घेतात आणि प्रत्येकाची रॅमही वेगळी असते. पण भाईंना उत्तर पटले. होडीवर दुसरे इंजिन असावे असे त्यांना फार दिवस वाटत होते.

"आणि माझ्या फ्रिजाक जागा गावना नाय," बहीण आतून म्हणाली. "ह्यांका दोन-दोन प्रोसेसर होये!"

मग सुरू झाली ती सोयरीक जुळवण्याची मोहीम. नवे भाग परवडणारे नव्हते, म्हणून मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेल्या सर्व्हरांचे जुने भाग फोनवरून मागवायचे ठरले. या धंद्यात प्रत्येक विक्रेता 'चालेल' म्हणतो. तो शब्द त्याच्याकडे सुट्या पैशांसारखा खिशात तयार असतो. पहिला मदरबोर्ड आला तो खोक्यावर ठेवून पाहिला, तर खोके झाकले गेले. बोर्ड खोक्याचे झाकण म्हणून चालला असता. तो परत गेला. मग भावोजींनी व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. थंड खोलीत बसून, मागे निळे दिवे लावून, यंत्र जोडणे किती सोपे आहे ते सांगणारे हे तरुण. त्यांच्या खोल्यांत खारा वारा नव्हता, वीज जात नव्हती आणि मासळीच्या खोक्याची अट नव्हती. भावोजी मात्र ते आरती ऐकावी तसे ऐकत.

अखेर दोन प्रोसेसरांच्या जागा असलेला एक आटोपशीर बोर्ड सापडला. मग कूलर आले, म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायचे पंख्याचे ठोकळे. त्यांच्या स्क्रूंच्या जागा चौरसात होत्या; बोर्डावरच्या लांबट आयतात. एकाच प्रोसेसरासाठी अशा दोन तऱ्हेच्या बैठकी असतात, हे विक्रेत्याला ठाऊक होते की नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण त्याने फोनवर फक्त "चालेल" एवढेच सांगितले होते. दुसरे कूलर आले ते बसले, पण इतके उंच की खोक्याचे झाकण लागेना. तिसरे आले ते बुटके होते आणि बुटके कूलर जितका आवाज करतात तितके थंड करत नाहीत.

"तापता तर बाजूक बर्फ घाल," भाईंनी तोडगा सुचवला. "सुरमय रवता, तर ह्यो रवाचो नाय?"

रॅमची गोष्ट थोडक्यात आटोपते. साध्या संगणकाची रॅम आली. ती खाचेत जवळजवळ बसली. 'जवळजवळ' या शब्दावर भावोजींनी एक अख्खी दुपार अंगठ्याचा जोर घालवला. मग सर्व्हरची रॅम आली आणि बोटाच्या एका दाबाने बसली. पॉवर सप्लायला प्रोसेसरसाठीची एकच वायर होती, दुसरी जोडून घ्यावी लागली. पेटी मालवणात खिडक्यांच्या सरकत्या चौकटी करणाऱ्याने ॲल्युमिनियमची करून दिली. त्याने सवयीने एका बाजूला खिडकीची कडीही लावली. त्या यंत्रात पहिल्या फटक्यात बरोबर बसलेली एकमेव वस्तू म्हणजे ती कडी.

प्रोसेसर दोन आले. दोन्ही दिसायला सारखे, पाठीवरच्या अक्षरांत एका जागी फरक. दोन प्रोसेसर एकत्र चालवायचे तर ते हुबेहूब एक असावे लागतात. विक्रेता म्हणाला, "एकाच घराण्यातले आहेत हो, जुळवून घेतील." एका घराण्यातले असणे आणि जुळवून घेणे या दोन गोष्टी त्याला एकच वाटत होत्या. ते जुळले नाहीत. एक प्रोसेसर त्याच्या जागेवर बसवून, वर पांढरी पेस्ट लावून, कूलर आवळून पक्का केला. दुसरा परत पाठवला आणि त्याचा जुळा मागवला. तोवर दुसरी जागा, म्हणजे सॉकेट, उघडी राहिली. तिच्यावर झाकायची प्लास्टिकची टोपी जुन्या मालाबरोबर आलीच नव्हती. भावोजींनी वर पंचा पसरला.

सॉकेट म्हणजे तांब्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक टोकांचे शेत असते. केसाएवढी टोके, सगळी एकाच बाजूला एकसारखी कललेली. प्रोसेसर त्यांच्यावर नुसता टेकतो. त्यांना बोट लावायचे नसते, फुंकरही मारायची नसते. भावोजी हे भाईंना सांगायला विसरले. सांगितले असते तरी उपयोग झाला असता का, याची शंका आहे, कारण त्यांनी भाईंना एक वेगळीच गोष्ट सविस्तर सांगून ठेवली होती: प्रोसेसर तापतो, म्हणून त्याच्यावर एक खास मलम लावायचे असते, ते नीट लावले नाही तर सगळे फुकट.

दुसरा प्रोसेसर मालवणला आला. कुरियरवाला देवबागापर्यंत येत नाही. वाळू त्याच्या नकाशात नसावी. भावोजी आणि मी तो आणायला गेलो. दुपारी परतलो तेव्हा भाई पडवीच्या पायरीवर बसून हात पुसत होते.

"इलास? तुझा एक काम करून ठेवलंय."

"खंयचा काम?"

"ते सोन्याचे काटे उघडेच ठेवलेस. खारो वारो लागान आठ दिसांत काळे पडले असते. ग्रीस लायलंय."

भावोजी पंचा उचलून सॉकेटवर वाकले. भाईंना ती शाबासकीआधीची पाहणी वाटली असावी.

"जरा जास्त झाला, तां पुसलंय पण."

"पुसलास? कशान?"

"फडक्यान. चांगलो सुती फडको होतो."

"भाई, तेका ग्रीस लावणत नाय!"

"तूच सांगी होतंस, प्रोसेसराक मलम लावचा लागता म्हणान."

"तां वरसून! खालसून न्हय!"

"मगे खालचा कोण बघतला?" भाईंनी विचारले. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. त्या किनाऱ्यावर धातूची कुठलीही वस्तू उघडी ठेवत नाहीत. बिजागरी, पंपाचे बोल्ट, सायकलची साखळी, अँटेनाचा दांडा, सगळ्यांना ग्रीस बसते. होडीचे इंजिन उतरवले की आधी ग्रीस, मग जेवण. ज्याला वरून मलम लावतात त्याला खालून काही लावत नसतील, हे त्यांना मूर्खपणाचे वाटले आणि धाकट्याचा मूर्खपणा निस्तरणे हे थोरल्याचे काम होते. त्यांनी ते केले. इतर कुठल्याही गावात सॉकेट मोडायला निष्काळजी माणूस लागला असता. इथे तो काळजी घेणाऱ्याने मोडला.

ग्रीस कदाचित धुऊन निघाले असते. फडक्याने घात केला होता. सुताच्या धाग्यांत अडकून टोके वाऱ्यापावसात भात झोपावे तशी झोपली होती; काही उताणी, काही शेजारच्यांच्या अंगावर. भावोजींनी भिंग लावून बहिणीच्या शिवणाच्या सुईने ती उभी करायचा प्रयत्न केला. काही उभी राहिली. काही सुईबरोबर निघून आली. दुसरा प्रोसेसर पाकिटातच राहिला.

"मी आणि काय सांगतंय," भाई गडगा ओलांडताना म्हणाले, "गंज धरलो तर मगे माका बोलू नको."

दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू करायचे ठरले. नवी होडी असो, विहीर असो, पंप असो, देवाला गाऱ्हाणे घातल्याशिवाय सुरू होत नाही. ते घालण्याचा मान देव ज्यांच्या घरी त्यांचा. भाई धुतलेला सदरा घालून आले. पेटीपुढे नारळ ठेवून त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घरात जा यंत्र उभा रवला हा, तेच्यावर कोणाची वाकडी नजर पडली आसात..."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"कोणाच्या हातसून काय उणा-अधिक झाला आसात..."

भावोजी थांबले. बहिणीने त्यांना कोपर मारले. "व्हय म्हाराजा," भावोजी म्हणाले.

"तां पोटात घाल, आणि दोन्ही घरांच्या पुढ्यात बंधारो उभो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यंत्र सुरू झाले. बुटक्या कूलरचा आवाज पडवीभर झाला, खिडकीची कडी थरथरली. पडद्यावर एकच प्रोसेसर दिसला.

"देवान अर्धाच ऐकला," बहीण म्हणाली. "गाऱ्हाण्यात दोघांचा नाव घेवक होया होता."

नुकसान नुसते वेगाचे नव्हते. अशा बोर्डावर अर्ध्या रॅमच्या खाचा एका प्रोसेसरच्या ताब्यात असतात, अर्ध्या दुसऱ्याच्या. दुसरा सॉकेट मेला तशा त्याच्या बाजूच्या खाचाही मेल्या. जिवंत बाजूच्या खाचा आधीच भरलेल्या होत्या. म्हणजे अर्धी रॅम पेटीत असून नसल्यासारखी. सगळे फोटो एकदम घातले की यंत्र थोडे चालायचे आणि हात वर करायचे. मुंबईच्या सहकाऱ्याने फोनवरून उपाय सांगितला: किनाऱ्याचे दोन तुकडे करा, आधी एक, मग दुसरा, शेवटी जोडा. प्रत्येक तुकड्याला बरेच दिवस लागतील. आणि वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

बंधाऱ्याच्या पुढच्या तुकड्यासाठी अधिकाऱ्याची पाहणी पावसाळ्याआधी व्हायची होती. नवा बोर्ड त्यानंतर पाहू, असे ठरले. दोन तुकडे बसतील एवढा वेळ होता, म्हणजे असायला हवा होता.

तुकडा पाडायचा तर गडग्यावर पाडणे सोयीचे होते. पांढऱ्या वाळूत ती तांबडी रेघ वरूनही स्पष्ट दिसत होती. कोणता तुकडा आधी, हा प्रश्न कुणीच मोठ्याने विचारला नाही. भावोजींनी स्क्रीनवर बोट ठेवून सांगितले की बंधारा उत्तरेकडून येतो, तर नकाशाही उत्तरेकडूनच सुरू व्हावा, नकाशाच्या कामात तशी शिस्त असते. नकाशाच्या कामात अशी काही शिस्त नसते. भाई गडग्याला टेकून ऐकत होते.

"आमचा कधी लागतला?"

"ह्या झाला काय लगेच, भाई."

"होव दी. एकाच बापाची घरां. एकाचा केला म्हणजे दोघांचा केल्यासारख्या."

बहिणीने भावोजींकडे पाहिले. ते कीबोर्डवरची वाळू ब्रशने झाडत होते, जी तिथे नव्हती.

पहिला तुकडा वीज गेल्यामुळे दोनदा पहिल्यापासून सुरू झाला. तिसऱ्यांदा पूर्ण झाला. नकाशा उत्तम होता, हे नोंदवले पाहिजे. रिसॉर्टच्या कुंपणापासून गडग्यापर्यंत वाळूची प्रत्येक वळी, उघडी पडलेली माडांची मुळे, बहिणीच्या न्हाणीघराची खचलेली भिंत, सगळे पडद्यावर फिरत होते. गडग्यापाशी नकाशा सुरीने कापल्यासारखा संपत होता. त्यापुढे काळे. भावोजींनी तो पाहुण्यांनाही दाखवला. नाश्त्याला आलेल्या एका पुणेकराने विचारले, "यात पोहायला कुठे जायचं ते दिसतं का?"

दुसरा तुकडा त्यांनी सुरू केला, पण लगेच नाही. मधे पर्यटकांचा मोसम होता, खोल्या भरलेल्या होत्या आणि यंत्राच्या आवाजाची पाहुण्यांची तक्रार होती. दुपारी ते बंद ठेवावे लागे. ही कारणे खरी होती. सगळी खरी होती, म्हणूनच ती पुरेशी झाली.

पाहणी ठरलेल्या वेळेआधीच आली. कुणा मोठ्या माणसाचा दौरा पुढे आला म्हणून अधिकारीही पुढे आला. त्याने बूट न काढता वाळूवर दहा पावले टाकली, रिसॉर्टच्या गच्चीवरून समुद्र पाहिला आणि मग बहिणीच्या पडवीत बसून नकाशा फिरवला. भाई दारात उभे होते.

"फारच छान," अधिकारी म्हणाला. "असं काम सगळ्यांनी केलं तर आम्हाला सोपं जातं. हे इथे काळं काय आहे?"

"साहेब, तो पुढचा भाग आहे. त्याचं काम सुरू आहे," भावोजी शुद्ध मराठीत म्हणाले. "थोड्या दिवसांत देतो. तिथे माझ्या मोठ्या भावाचं घर आहे. हेच ते. ते तुम्ही इथूनच बघू शकता."

भाईंनी नमस्कार केला. घर दारातून दिसत होते. मागच्या वर्षी समुद्राने त्याच्या पायरीखालची माती नेली होती, तेही दिसत होते. अधिकाऱ्याने तिकडे मान वळवली, सौजन्याने पाहिले आणि पुन्हा पडद्याकडे वळला.

"द्या की. आल्यावर बघू. तूर्त एवढं मला पेन ड्राइव्हवर द्या."

दुसरा तुकडा पुरा झाला आणि भावोजींनी तो स्वतः कार्यालयात नेऊन दिला, तोवर अंदाजपत्रक वर गेले होते. आराखड्यातली बंधाऱ्याची रेघ नकाशा संपतो तिथे संपत होती. कुणी दुष्टपणा केला नव्हता, कुणी हात ओले केले नव्हते. आरेखकाने समोर असलेल्या चित्राच्या कडेपर्यंत रेघ ओढली होती. त्यापुढे काढायला त्याच्याकडे किनाराच नव्हता. पुढच्या भागाचा विचार पुढच्या प्रस्तावात होईल, असे सांगण्यात आले.

पुढच्या उन्हाळ्यात ट्रकांनी काळे दगड आणून टाकले. बहिणीच्या घरापुढे बंधारा उभा राहिला. गडग्याच्या रेषेत तो थांबला. बंधारा जिथे संपतो तिथे लाट वळून शेजारी अधिक जोराने खणते, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला कळते. पुढच्या प्रस्तावाचे काय झाले, हे भावोजी अधूनमधून विचारून येत. दुसरा प्रोसेसर त्याच्या न फोडलेल्या पाकिटात टेबलाच्या खणात होता. नव्या बोर्डाचे आता कुणी काढत नव्हते. आधी जी घाई नव्हती, तिला आता कारणही उरले नव्हते.

पाऊस लागायच्या थोडे आधी भाई गडगा ओलांडून आले. पायरी चढले नाहीत.

"गो, तां खोका दी गो."

"खंयचा?" बहिणीने विचारले, पण तिला कळले होते.

"संगणकाचा. तुमका आता कित्याक होया? तुमच्या पुढ्यात दगड आसत."

भावोजी उठले. संगणक त्या खोक्यात ठेवलेला होता. झाकण लावून, वर दोरी बांधून, पावसाळ्यासाठी तयार. त्यांनी दोरी सोडली, पेटी उचलून टेबलावर ठेवली आणि खोके आतून कोरड्या फडक्याने पुसले. भाई पाहत उभे होते.

"चांगला पुस," ते म्हणाले. "मासळेचो वास येता नये. देव ठेवचे आसत."

भावोजींनी पुन्हा पुसले. बराच वेळ पुसले. मग खोके त्यांनी स्वतः उचलले आणि गडग्यापर्यंत नेले. तिथे ते भाईंनी घेतले, डोक्यावर ठेवले आणि घरात गेले. मागाहून आम्हीही गेलो. घराण्याचे टाक, शंख, समई, तांब्याचा कलश, दोन्ही घरांचे सगळे देव त्यात बसले आणि वर झाकण लागले. माप भावोजींनी बरोबर घेतले होते.